इंजिनाचा कान

"मामा, गाडी ओढत नाही," भाचा फोनवर एवढंच म्हणाला. तो मँचेस्टरला, मी हडर्सफील्डला. मधे एम ६२चा चढ. बावीस नंबरच्या जंक्शनपाशी हा रस्ता ३७२ मीटरवर जातो, इंग्लंडच्या मोटरवेवर याहून उंच जागा नाही. त्या चढावर त्याची जुनी गोल्फ, १.८ टर्बो, लॉऱ्यांच्या रांगेत मान खाली घालून चालली होती.

मी विचारलं, "आवाज कसला येतो?"

"कसलाच नाही. उलट फार शांत चालते."

टर्बो गाडी चढावर 'फार शांत' चालते म्हटल्यावर माझे कान टवकारले. म्हटलं, रविवारी सकाळी लवकर ये, आणि आल्यावर बॉनेट उघडू नकोस. इंजिन आधी थंड होऊ दे, तोवर पोहे खाऊ.

पोहे खाताना त्याने एका गॅरेजचा कागद पुढे केला. त्यावर 'नॉक सेन्सर खराब, नवीन बसवावा' असा शेरा होता, आणि इनटेक मॅनिफोल्ड काढावा लागेल म्हणून मजुरी धरून ३४० पौंडांचा आकडा. गाडी त्याने घेतली होती नऊशेला. म्हणजे कानाच्या उपचाराला माणसाच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. मी म्हटलं, थांब. कान फुटलाय की कानात बोळा आहे, ते आधी बघू.

नॉक सेन्सर हा इंजिनाचा कानच. दिसायला दिवाळीतल्या कडबोळ्यासारखा, मधे भोक आणि मागे वायरची शेपटी. इंजिनाच्या ब्लॉकवर एका बोल्टने आवळलेला असतो. आत चिनीमातीसारख्या पदार्थाची एक चकती असते. स्वयंपाकघरातल्या गॅस लायटरमध्ये दाबल्यावर ठिणगी पाडणारा खडा असतो ना, त्याच जातीची. लायटरमध्ये आपण खडा ठोकतो, इथे इंजिनाची थरथर ठोकते, आणि चकतीतून बारीकशी वीज निघते. कॉम्प्युटर ती वीज ऐकतो.

ऐकायचं काय, तर नॉकिंग. पिस्टन वर पोचण्याच्या जरा आधी स्पार्क प्लगची ठिणगी पडते आणि जाळ सिलिंडरभर पसरत जातो. ठिणगी फार लवकर पडली, किंवा पेट्रोल हलकं असलं, की कोपऱ्यात उरलेलं मिश्रण जाळ पोचण्याआधी स्वतःहून भडकतं. मग आख्खा सिलिंडर घंटेसारखा वाजतो. या गोल्फचा बोअर ८१ मिलिमीटरचा, त्यात हा नाद सेकंदाला साधारण ७००० कंपनांचा असतो. आपल्याला तो डब्यात खिळे हलवल्यासारखा ऐकू येतो, आणि बऱ्याचदा रेडिओ नि वाऱ्याच्या आवाजात येतही नाही. तो फार दिवस चालू राहिला तर पिस्टनचा माथा खातो.

म्हणून कॉम्प्युटर ठिणगी शक्य तितकी लवकर पाडत राहतो आणि एक कान ब्लॉकला लावून असतो. खिळे वाजले की दोन-चार अंश मागे, शांत झालं की हळूहळू पुन्हा पुढे. चांगली गाडी अशी कायम धारेवर चालते. तिची सगळी ताकद त्या धारेवरच असते.

पहिला मंत्र इथेच घ्या: बहिरं इंजिन ओरडत नाही, ते घाबरून चालतं. सेन्सर तुटला की गाडी ठोकायला लागेल अशी सगळ्यांची समजूत असते. होतं उलटंच. कानाकडून काही येत नाही हे कळल्यावर कॉम्प्युटर जोखीम घेत नाही, टायमिंग सरसकट मागे ओढून ठेवतो. कानयंत्र घरी विसरलेले आजोबा पुण्याचा लक्ष्मी रोड कसा ओलांडतात ते आठवा. पिकअप जातो, अ‍ॅव्हरेज पडतं, चढावर दम लागतो, आणि आवाज म्हणाल तर अगदी सभ्य. भाच्याने या काळात पंपावरचं महागातलं सुपर पेट्रोलही भरून पाहिलं होतं. जो पुढे सरकायलाच तयार नाही त्याला बदाम खिलवून काय होणार?

आमच्या वेळी हा कान मेकॅनिकच्या डोक्याला असायचा. मी पुण्यात नाना पेठेत उस्तादांच्या हाताखाली होतो तेव्हा फियाटचं टायमिंग कानानेच व्हायचं. डिस्ट्रिब्युटरचा नट सैल करून तो केसभर फिरवायचा, गाडी कात्रजच्या चढाला घालायची, वरच्या गियरमध्ये मुद्दाम हळू ठेवायची आणि पाय एकदम दाबायचा. किणकिण यायला हवी, पण नुसती चाहूल लागावी एवढीच, आणि वेग धरला की विरायला हवी. आलीच नाही तर टायमिंग मागे पडलंय, रेंगाळली तर पुढे गेलंय. उस्ताद मागच्या सीटवर डोळे मिटून बसायचे आणि नुसतं "अजून" किंवा "बस" म्हणायचे. बोनस म्हणून परत येताना भेळ.

इथे ज्याने हा विषय शास्त्राच्या टेबलावर आणला तो हॅरी रिकार्डो, ससेक्समधल्या शोरमचा. नॉकिंग इंधनावर कसं ठरतं ते मोजायला त्याने पहिल्या महायुद्धानंतर चालू अवस्थेत कॉम्प्रेशन बदलता येईल असं इंजिनच बांधलं. पुढे पेट्रोलमध्ये शिसं घालून नॉकिंग दाबायची युक्ती जगभर चालली. मी इथे आलो तेव्हा पंपावर 'फोर स्टार' मिळायचं, ते तेच शिशाचं. १ जानेवारी २००० पासून त्याची सर्रास विक्री बंद झाली. शिसं गेलं तोवर कान आला होता. साबने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच आपल्या टर्बो गाड्यांना तो बसवला होता, आणि टर्बोला त्याची गरज सगळ्यात जास्त.

आता पोहे संपले, इंजिन थंड झालं. पण बॉनेट उघडायच्या आधी अजून एक प्रश्न विचारायचा, वैद्य विचारतो तसा: शेवटचा हात कोणाचा लागला? भाचा म्हणाला, ऑगस्टमध्ये स्टार्टर बदलला. आणि गाडी मंदावली कधी? त्याने जरा आठवून पाहिलं. ऑगस्टमध्येच. जुन्या गाडीतले निम्मे बिघाड आधीच्या दुरुस्तीतून जन्मतात. कोणी काय उघडलं होतं ते कळलं की टॉर्च कुठे मारायचा ते कळतं.

मग दिवा. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा या बिघाडात लागेलच असं धरून चालू नका, गाडीगाडीवर आहे. लागला तरी जुन्या गाडीचा मालक तो मनावर घेत नाही, त्याला कारणही आहे. २० मे २०१८ पासून एमओटीत, म्हणजे इथल्या गाड्यांच्या वार्षिक तपासणीत, हा दिवा पेटलेला असणं म्हणजे नापास, पण पेट्रोल गाडीला हा नियम लागतो तो १ जुलै २००३ किंवा त्यानंतर रस्त्यावर आलेली असेल तरच. भाच्याची '५१' नंबरची, म्हणजे सप्टेंबर २००१ नंतरच्या सहा महिन्यांतली. दिवा पेटलेला असतानाही ती दर वर्षी सुखाने पास होऊ शकते. जुनी गाडी घेताना म्हणून एमओटीच्या कागदावर विसंबू नका. किल्ली फिरवल्यावर, इंजिन चालू व्हायच्या आधी, तो दिवा पेटतो का तेवढं बघा. पेटतच नसेल तर कोणीतरी त्याची सोय लावलेली आहे.

त्यानंतर कोड. २००१ पासून युरोपात विकलेल्या पेट्रोल गाड्यांत स्टिअरिंगच्या आसपास सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात पंधरा-वीस पौंडांचं रीडर चालतं. त्याआधीच्या गाड्यांत कंपनीगणिक वेगळी तऱ्हा, काहींत तर दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. या गोल्फने दिला पी०३२७. फोक्सवॅगनच्या आपल्या भाषेत तोच १६७११. कोड आधी कागदावर लिहा, मग पुसा. घाईने पुसणारे पुरावाच धुऊन टाकतात.

आता कोडचे शब्द नीट वाचा, कारण ३४० पौंड इथेच वाचतात. पी०३२५ म्हणजे पहिल्या नॉक सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड. पी०३२७ म्हणजे त्या सर्किटचा सिग्नल फार कमी. 'सर्किट' या शब्दात कान आला, शिर आली, मेंदूकडची जोडणी आली. सेन्सर मेला असं कोड कुठेच म्हणत नाही. ते गॅरेजवाला म्हणतो.

कॉम्प्युटरला तरी ते कसं कळतं? इंजिन कधीच पूर्ण गप्प नसतं. नॉकिंग नसलं तरी व्हॉल्व्ह, चेन, पिस्टन यांची खडखड असतेच आणि वेग वाढला की ती वाढते. तीन हजार आरपीएमलाही कानावर काहीच पडत नाही म्हटल्यावर कॉम्प्युटरला शंका येते. म्हणून बऱ्याच गाड्यांत हा कोड दारात उभ्या चालू गाडीत येत नाही, रस्त्यावर जरा जोर लावल्यावर येतो. कोड पुसून, जागेवर पाच मिनिटं चालवून "बरी झाली" म्हणून गाडी परत देणारे महाभाग मी पाहिलेत.

आता बॉनेट. या गोल्फला दोन कान आहेत, एक पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरसाठी, दुसरा तिसऱ्या-चौथ्यासाठी. दोन्ही पुढच्या बाजूला, इनटेक मॅनिफोल्डच्या सावलीत. वरून बघाल तर काही दिसणार नाही. बॅटरीची वायर सोडा, टॉर्च घ्या, फोनचा कॅमेरा खाली सोडून व्हिडिओ घ्या, आणि सेन्सरपासून निघालेल्या शेपटीवरून बोट फिरवत जोडणीच्या प्लगपर्यंत या. वायर कुठे करपलीये का, कुठे उंदराने कुरतडलीये का. इथल्या हिवाळ्यात गरम बॉनेटखाली उंदीर संसार थाटतात, हे खोटं वाटत असेल तर माझ्या गॅरेजमध्ये या.

भाचा जमिनीवर आडवा झाला आणि मिनिटभराने म्हणाला, "मामा, प्लग तर लावलेलाच आहे." मी म्हटलं, ओढून बघ. दोन बोटांनी हलकेच ओढला आणि तो हातात आला. लावलेला नव्हताच, नुसता टेकवलेला होता. कुलपाची प्लास्टिकची जीभ तुटलेली. आत तीन पिना, त्यातल्या दोघींवर हिरवट साय. इथे थंडीत रस्त्यावर मीठ पसरतात, त्या मिठाचं पाणी उडून उघड्या तांब्यावर बसलं की असा हिरवा बुरा येतो. स्टार्टर काढताना कोणीतरी हा प्लग वाटेतून बाजूला केला, परत बसवताना जीभ मोडली, आणि तसाच टेकवून बॉनेट बंद केलं. कोणी ते मी विचारलं नाही. माझ्याही हातून एकेकाळी अशी कामं झाली आहेत.

इतकं सरळ प्रत्येक वेळी सापडत नाही, म्हणून पुढचंही सांगून ठेवतो. प्लग ठीक दिसला तर मल्टिमीटर घ्या, पण त्याने फसू नका. या बॉशच्या जातीच्या सेन्सरच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजलात तर मीटर काहीच दाखवणार नाही, आणि ते बरोबर आहे, कारण त्याचा रोध दहा लाख ओहमच्या वर असतो. त्यालाच 'ओपन' म्हणत किती चांगले सेन्सर कचऱ्यात गेले असतील! उलट जुन्या निसानच्या सेन्सरमध्ये आत रोधक असतो, तिथे पाचशे-सहाशे किलोओहम दिसायला हवेत. आपल्या गाडीचा आकडा आधी पुस्तकात बघा. हेन्सच्या मॅन्युअलचा १९६६ पासून इथल्या घराघरात मान आहे, चॅरिटीच्या दुकानात एक-दोन पौंडांत मिळतं. आधीच्या मालकाच्या तेलकट बोटांचे ठसे ज्या पानावर असतील ते पान हमखास कामाचं.

ओहमपेक्षा मला थाप बरी वाटते. प्लग काढून मीटर एसी मिलिव्होल्टवर लावा आणि सेन्सरजवळ ब्लॉकवर पान्याच्या मुठीने हलकेच टकटक करा. सेन्सरवर नाही, त्याच्या शेजारी. आकडा जरासा उसळला तर चकती जिवंत आहे. पूर्वी चालू इंजिनावर टायमिंग लाइट धरून अशीच टकटक करत आणि टायमिंग मागे जातं का ते बघत. नव्या कॉम्प्युटरवर ती युक्ती नेहमी चालत नाही. ते ठिणगीनंतरच्या ठरावीक क्षणापुरतेच कान देतात, आपली टकटक त्या क्षणात पडेलच असं नाही.

दोन सेन्सरवाल्या गाडीत याहून सुरेख परीक्षा म्हणजे अदलाबदल. शेपट्या पोचत असतील तर दोघांचे प्लग एकमेकांच्या जागी लावा, कोड पुसा, सावकाश एक फेरी मारा. पहिल्याचा कोड जाऊन दुसऱ्याचा, म्हणजे पी०३३२, आला तर बिघाड सेन्सरबरोबर फिरला, सेन्सर बदला. पी०३२७च परत आला तर सेन्सर निर्दोष, दोष पुढच्या वायरिंगमध्ये. मग प्लगपासून कॉम्प्युटरपर्यंत वायरीची सलगता तपासा. या गोल्फचा कॉम्प्युटर वायपरखालच्या पन्हळीत असतो, पन्हळ पानांनी तुंबली की त्याला अंघोळ होते, तेही बघून घ्या. आणि परीक्षा झाली की प्लग आपापल्या घरी परत लावा. उलटे राहिले तर ठोकणार एक सिलिंडर आणि शिक्षा होणार दुसऱ्याला.

सेन्सर बदलावाच लागला तर बोल्ट २० न्यूटन-मीटरला आवळायचा, टॉर्क रेंचने. मनगटाच्या अंदाजाने नाही, हे मी सांगतोय, ज्याने आयुष्यभर मनगटाने नट आवळले. सेन्सर किती घट्ट दाबलाय यावर त्याला किती ऐकू येणार ते ठरतं. खालचा पृष्ठभाग पुसून स्वच्छ करा, वॉशर घालू नका, रंग-गंज ठेवू नका. कानाखाली उशी घातली तर कसं ऐकू येणार?

काही हुशार लोक सेन्सरच्या जागी रोधक जोडून कॉम्प्युटरला गप्प करतात. दिवा विझतो, मालक खूश. पण मग बहिरेपणाही लपतो आणि भीतीही जाते, कॉम्प्युटर बिनधास्त टायमिंग पुढे नेतो आणि ऐकणारं कोणी नसतं. हे माझ्या गॅरेजच्या दारात कोणी केलं तर त्याला चहा मिळणार नाही.

एक फरक मात्र ओळखायला शिका. खालून, तेलाच्या टाकीच्या बाजूने, जड हातोड्यासारखा ठक्-ठक् आवाज येत असेल तर त्याचा या सेन्सरशी संबंध नाही. ते बेअरिंग आहे. इंजिन तिथल्या तिथे बंद करा आणि गाडी टो करून न्या. आणि मूळ प्रश्न, आपल्या गाडीला कान आहे तरी का? पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ला नव्हताच, तिचं टायमिंग आमच्या फियाटसारखं हातानेच जुळवायचं. तिच्यात सेन्सर शोधत अर्धा दिवस घालवलेला एक शेजारी माझ्या माहितीत आहे.

भाच्याच्या गाडीचं काम चाळीस मिनिटांत उरकलं. पिनांवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, जुन्या टूथब्रशने हिरवी साय काढली, प्लग बसवून तुटलेल्या जिभेच्या जागी केबल टाय आवळला. कोड पुसला. संध्याकाळी एम ६२ने परत जाताना त्याने पलीकडे पोचल्यावर फोन केला. बावीस नंबरच्या चढावर पाचवा गियर खाली घ्यावा लागला नाही म्हणे. रीडर परत लावला, पी०३२७ आला नाही. एकूण खर्च क्लीनरचे सहा पौंड आणि पोहे.

प्लगचा नवा खोका मागवलाय, तो आला की केबल टाय कापून नीट बसवू. तुम्ही बसवाल तेव्हा रेडिओ बंद ठेवा. प्लग पुरता आत गेला की 'टक्' असा बारीक आवाज येतो. तो ऐकू आला नसेल तर पुन्हा दाबा.